कामिकात्सु: 45 डबे आणि उरलेला पाचवा हिस्सा

कामिकात्सु म्हणजे कचरा 45 प्रकारांत वेगळा करण्यासाठी गाजलेलं जपानमधलं एक छोटं गाव. त्याचं नाव काढलं की समोरचा माणूस हमखास एकच वाक्य टाकतो, अहो ती जपानी माणसं, त्यांच्या रक्तातच शिस्त, आपल्याला कुठे जमायला. झालं, विषय संपला. मला या वाक्याचा आता जाम कंटाळा आलाय, कारण या गावाची गोष्ट नीट मुळापासून बघितली ना, तर शिस्त त्यात फार उशिरा येते. आधी येते अडचण, मग येतो पैशाचा हिशोब, आणि ज्याला आपण शिस्त म्हणतो ती सवय मागाहून हळूहळू लागलेली दिसते. म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर लिहितोय, काय जमलं, कशामुळे जमलं आणि शेवटी नेमकं कुठे अडलं.

तर गाव कसंय ते आधी. जपानच्या चार मोठ्या बेटांतलं सगळ्यात छोटं शिकोकू, त्यावर तोकुशिमा नावाचा प्रांत, आणि तोकुशिमा शहरापासून गाडीने साधारण तासाभरावर डोंगरात हे कामिकात्सु. लोकसंख्या दीड हजाराच्याही आत, त्यातले निम्म्याहून जास्त 65 च्या पुढचे. 1950 च्या दशकात हीच वस्ती सहा हजारांवर होती. जंगल भरपूर, घरं डोंगरउतारावर विखुरलेली, एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जायचं तर वळणावळणाचा घाट. म्हणजे कचऱ्याची गाडी रोज दारोदार फिरवायची म्हटलं तर डिझेलच परवडणार नाही असा भूगोल. आणि खरंच, या गावात घरोघरी फिरणारी कचरागाडी नाहीच.

मग पूर्वी काय करायचे? तर जे सगळीकडे करतात तेच, खड्डा खणायचा आणि जाळायचं. नव्वदच्या दशकापर्यंत गावात उघड्यावर कचरा जळत होता, त्यात जुनं फर्निचर, प्लॅस्टिक, घरातलं उरलंसुरलं सगळं एकत्र. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण रक्तात शिस्त असती तर हा खड्डाच नसता ना. वरून दट्ट्या आला तसा 1998 मध्ये गावाने दोन छोट्या भट्ट्या बसवल्या, आता प्रश्न मिटला असं सगळ्यांना वाटलं, आणि पुढच्याच वर्षी जपानने डायॉक्सिनविरोधी कडक कायदा केला, तो जानेवारी 2000 पासून लागू झाला.

डायॉक्सिनची भानगड थोडक्यात अशी, की क्लोरीन असलेलं काही, म्हणजे पीव्हीसीचे पाइप, रेक्झिन, असलं काही अर्धवट जळलं की हे विषारी पदार्थ तयार होतात. टाळायचं असेल तर भट्टी सतत 800 अंशांच्या वर धगधगती ठेवावी लागते आणि धूर झटकन थंड करावा लागतो, कारण सावकाश थंड होताना 300 अंशांच्या आसपास ते परत तयार होतात. मोठ्या शहराच्या भट्टीला हे जमतं, तिला चोवीस तास खुराक असतो. गावातली छोटी भट्टी सकाळी पेटवायची संध्याकाळी विझवायची, तिला ते तापमान धरताच येत नाही. त्यामुळे दोन्ही भट्ट्या दोन-तीन वर्षांतच गप्प झाल्या. नवी मोठी भट्टी बांधायला पैसे नाहीत, दुसऱ्या शहराच्या भट्टीत पाठवायचं तर वाहतुकीचा आणि जाळण्याचा असा दुहेरी खर्च, तोही किलोवर. इथून पुढे गावाने जे काही केलं ते या किलोवरच्या बिलापायी केलं, हे एकदा डोक्यात ठेवलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

आता किलोवर बिल येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न काय, तर वजन कशाचं जास्त? आणि घरातल्या कचऱ्यात सगळ्यात जड असतो ओला कचरा, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. म्हणजे आपण पैसे मोजून पाणी गाडीत घालतो, तासभर फिरवतो आणि मग अजून पैसे मोजून ते भट्टीत उकळतो. हे कामिकात्सुच्या पंचायतीला भट्ट्या बंद पडायच्या आधीच कळलेलं होतं. नव्वदच्या दशकातच त्यांनी ठरवलं की ओला कचरा घराच्या बाहेर यायलाच नको. ज्यांच्याकडे अंगण किंवा शेत आहे त्यांनी साधं कंपोस्ट करायचं, ज्यांना जागा नाही त्यांच्यासाठी विजेवर चालणारं कंपोस्टचं मशीन, त्याला गावाने घसघशीत सबसिडी दिली, घरटी साधारण 10,000 येन भरायचे आणि बाकीचे पैसे गावाचे. जवळपास प्रत्येक घराने यातला एक तरी मार्ग धरला.

माझ्या मते सगळ्या प्रकरणातली किल्ली इथे आहे आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं, सगळे आपले 45 डब्यांचे फोटो टाकतात. ओलं बाहेर गेलं की उरलेल्या कचऱ्याला वास नसतो, त्यात किडे होत नाहीत, तो सडत नाही. म्हणजे रोज टाकायची घाई नाही, आठवडा-पंधरा दिवस घरात कोपऱ्यात ठेवता येतो आणि सवडीने नेता येतो. आणि सुका कचरा खरोखर सुका राहिला की त्याला किंमत येते. भाजीच्या पाण्याने भिजलेला कागद आणि कोरडा कागद यात कागद गिरणीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ओल्याचा बंदोबस्त न करता जिथे जिथे लोकांना बारा डबे वाटले जातात तिथे महिन्याभरात त्या सगळ्या डब्यांत एकच खिचडी होते, आणि मग दोष लोकांना.

बरं, आता वर्गीकरण. 1997 मध्ये गावात 9 प्रकार होते. भट्ट्या बंद झाल्यावर 2001 मध्ये ते 35 झाले आणि पुढे 2016 पर्यंत 45. लोकांनी हसतहसत स्वीकारलं असं अजिबात नाही. बाटल्या धुवायच्या, लेबलं सोलायची, झाकणं वेगळी काढायची, पिशव्या धुऊन वाळत घालायच्या आणि हे सगळं स्वतः गाडीत घालून केंद्रावर न्यायचं, वर त्याचे पैसे कोणी देणार नाही. म्हातारी माणसं वैतागली नसती तरच नवल. पंचायतीच्या कर्मचाऱ्यांनी वस्त्यावस्त्यांत बैठका घेतल्या, तेच तेच परत परत समजावलं. आणि समजावताना निसर्ग वाचवा वगैरे भाषण कमी, आणि हे जाळायला इतके लागतात, हे वेगळं दिलं तर इतके वाचतात, हे जास्त. एक पळवाटही ठेवली होती, की सुरुवातीला सगळं बरोबर जमलंच पाहिजे असं नाही, केंद्रावर माणूस असतो, त्याला विचारा.

ते केंद्र कसं चालतं ते जरा जवळून बघण्यासारखं आहे. गावात एकच, हिबिगातानी नावाच्या जागी. लोकं आपापल्या गाडीतून येतात, सकाळपासून दुपारपर्यंत कधीही, आणि स्वतःच एकेक गोष्ट त्या त्या डब्यात टाकतात. कागदाचेच प्रकार बघा, वर्तमानपत्र वेगळं, पुठ्ठा वेगळा, मासिकं वेगळी, दुधाची आतून पांढरी खोकी वेगळी, आतून चंदेरी असलेली खोकी वेगळी, कागदी कप वेगळे, कागदाच्या कडक नळ्या वेगळ्या, मशीनमधून कापलेल्या कागदाच्या पट्ट्या वेगळ्या. वर्तमानपत्राचा गठ्ठा बांधायचा तोसुद्धा कागदी सुतळीने, म्हणजे प्लॅस्टिकची दोरी मध्ये येऊन लगद्यात तुकडे नकोत. काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे. ॲल्युमिनियमचे डबे आणि लोखंडी डबे वेगवेगळे, धातूची झाकणं अजून वेगळी, स्प्रेचे डबे वेगळे. शाबूत बल्ब एका डब्यात, फुटलेला दुसऱ्या. सिगरेट लायटर, बॅटऱ्या, आरसे, तळून उरलेलं तेल, एकदा वापरून टाकायच्या लाकडी चॉपस्टिक्स, सगळ्यांना आपापली जागा.

ही चिकित्सा बाहेरून बघणाऱ्याला वेडेपणा वाटते, पण प्रत्येक फाट्यामागे कारण आहे. आतून पांढऱ्या दुधाच्या खोक्याचा कागद लांब धाग्याचा, चांगल्या प्रतीचा असतो, त्याचा टॉयलेट पेपर होतो. आतून चंदेरी असेल तर तिथे ॲल्युमिनियमचा पातळ थर चिकटलेला असतो, तो कागदापासून सोडवायला वेगळी प्रक्रिया लागते. हे दोन्ही एकत्र टाकलं तर चांगल्या मालाचा भावही वाईट मालाच्या पातळीला येतो. पारदर्शक काचेत चार तपकिरी बाटल्या पडल्या तर वितळवल्यावर अख्खा घाणा डागाळतो. पेट बाटलीचं, म्हणजे आपल्या पाण्याच्या बाटलीचं, प्लॅस्टिक पाण्यात बुडतं, तिचं झाकण दुसऱ्याच प्लॅस्टिकचं असतं आणि ते तरंगतं, त्यामुळे कारखान्यात ते वेगळं करता येतं, पण आधीच वेगळं आलं तर काम स्वस्त. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका, खनिजापासून नवं बनवायला जेवढी ऊर्जा लागते त्याच्या जेमतेम 5 टक्क्यांत जुन्याचं नवं होतं, म्हणून त्याला कायम गिऱ्हाईक असतं. मी घरात एकदा गंमत म्हणून आठवडाभराचा सुका कचरा असा मांडून बघितला, तर एका ज्यूसच्या खोक्यातच चार पदार्थ निघाले, कागद, प्लॅस्टिक, चंदेरी थर आणि झाकण, आणि तेव्हा कुठे कळलं की 45 हा आकडा त्या गावाने काढलेला नाहीये, वस्तू बनवणाऱ्यांनी काढलाय, गावाने फक्त मोजलंय.

आणि मग डब्यांवरच्या त्या पाट्या. माझं सगळ्यात आवडतं डिटेल. प्रत्येक डब्यावर लिहिलेलं असतं की हा माल कुठे जातो, त्याचं पुढे काय होतं, आणि किलोमागे गावाला इतके येन मिळतात किंवा इतके येन मोजावे लागतात. येणारा पैसा आणि जाणारा पैसा, दोन्ही उघड. आजीबाईंना दिसतं की पुठ्ठा आणि डबे दिले की गावाकडे पैसे येतात, आणि न धुतलेलं प्लॅस्टिक भलत्या डब्यात टाकलं तर गावाच्या खिशातून जातात. इतकी साधी गोष्ट, पण मी कचऱ्यावरचे जेवढे फलक बघितलेत त्यात कचरा करू नका, स्वच्छता राखा, दंड होईल हेच असतं, तुम्ही टाकलेली बाटली पुढे कुठे गेली हे कोणी सांगत नाही. भंगारवाल्याला भाव विचारणारा आपला माणूस हे गणित जन्मतः ओळखतो, फक्त सार्वजनिक कचऱ्याच्या बाबतीत ते त्याच्यापासून झाकून ठेवलेलं असतं. सगळ्यात शेवटच्या डब्यांची नावं तर कमाल आहेत, साधारण अर्थ असा की काहीही केलं तरी जाळावंच लागणारं, आणि दुसरं, काहीही केलं तरी पुरावंच लागणारं. म्हणजे हातातली वस्तू तिथे टाकताना नावच तुम्हाला विचारतं, खरंच काही करता येत नाही का?

ज्यांना गाडी चालवता येत नाही, वय झालंय, त्यांचं काय? त्यांच्यासाठी नोंदणी करून दर दोन महिन्यांनी घरून उचलायची सोय आहे. दोन महिने कचरा घरात! पण ओला नाही, म्हणून शक्य आहे, परत तीच किल्ली. शिवाय नीट वेगळं करून आणणाऱ्यांना पॉइंट मिळतात, ते साठवून वस्तू घेता येतात. पॉइंटचं नाव चिरित्सुमो, त्यांच्याकडची म्हण आहे की धूळसुद्धा साठत गेली तर डोंगर होतो, आपलं थेंबे थेंबे तळे साचे तसंच.

रिसायकलच्या आधी पुन्हा वापर यायला हवा हे सगळे बोलतात आणि विसरतात. इथे 2006 मध्ये केंद्रालाच लागून कुरुकुरु नावाचं दुकान सुरू झालं, कुरुकुरु म्हणजे गोल गोल फिरत राहणं. गावातल्यांनी नको असलेल्या पण चांगल्या वस्तू आणून ठेवायच्या, भांडी, कपडे, खेळणी, आणि ज्याला हवं त्याने फुकट न्यायचं, बाहेरगावचा पाहुणाही नेऊ शकतो. नेताना फक्त वजन करून वहीत लिहायचं. हे वजन लिहिणं मला फार हुशारीचं वाटतं, कारण वाचलेला कचरा दिसत नाही, तो कुठल्याच आकड्यात येत नाही, पण वजन लिहिलं की सांगता येतं एवढे किलो भट्टीत जायचे वाचले. वर्षभराने कुरुकुरुचंच शिवणकामाचं युनिट निघालं, तिथे गावातल्या बायका जुने किमोनो आणि मुलांच्या सणाला उंच काठीवर लावतात ते माशाच्या आकाराचे कापडी झेंडे उसवून त्याच्या पिशव्या, जॅकेटं शिवतात.

धंदेवाल्यांचा कचरा हा तर वेगळाच विषय, पण कामिकात्सुकडे त्याची जुनी सवय होती असं म्हणायला हरकत नाही. 1981 च्या कडाक्याच्या थंडीत गावातल्या संत्र्याच्या जातीच्या बागा गेल्या, आणि 1986 पासून गावातल्या म्हाताऱ्या बायका डोंगरातली पानं आणि फुलं वेचून जपानी हॉटेलांना ताटाच्या सजावटीसाठी विकायला लागल्या, ज्या धंद्याचं नाव इरोदोरी. झाडाखाली पडलेल्या पानाला भाव येऊ शकतो हे ज्या गावाने बघितलंय त्याला पुठ्ठ्याचा भाव समजावणं सोपं गेलं असेल (आता ते पान ताटातून शेवटी कुठे जातं हा खवचट प्रश्न माझ्या मनात येतोच, असो). 2015 मध्ये गावात एक छोटी बिअर बनवणारी कंपनी आली, ती युको नावाच्या तिथल्या लिंबूवर्गीय फळाची रस काढून उरलेली सालं बिअरच्या वासासाठी वापरते, आणि बिअर काढून उरलेल्या धान्याच्या चोथ्याचं द्रवखत करून त्यावर परत बार्ली पिकवते. 2017 पासून कचरा कमी करणाऱ्या खानावळींना गावातून सर्टिफिकेट मिळायला लागलं. छोटे आकडे आहेत सगळे, पण धंद्याचा कचरा घरच्या कचऱ्यापेक्षा एका बाबतीत सोपा असतो, तो रोज एकसारखा आणि एकाच जागी निघतो, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक शोधणं सोपं जातं. पन्नास घरांतून पन्नास मुठी सालं गोळा करणं आणि एका रस काढणाऱ्याकडून एक पिंप उचलणं यात किती फरक आहे बघा.

तर या सगळ्याच्या मधोमध 2003 मध्ये पॉल कॉनेट नावाचे अमेरिकेत शिकवणारे केमिस्ट्रीचे प्राध्यापक गावात आले, जाळण्याच्या विरोधात जगभर बोलणारे, आणि त्यांनी सुचवलं की झीरो वेस्ट जाहीर करून टाका. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कामिकात्सुने ठराव केला की 2020 पर्यंत जाळणं आणि पुरणं दोन्ही बंद. असा ठराव करणारं जपानमधलं हे पहिलं गाव. 2005 मध्ये झीरो वेस्ट अकॅडमी नावाची संस्था उभी राहिली, तिने केंद्र चालवण्यापासून बाहेरच्यांना दाखवण्यापर्यंत सगळं केलं. 2020 मध्ये केंद्राची नवी इमारतही झाली, वरून बघितली तर प्रश्नचिन्हाच्या आकाराची, गावातल्या घरांतून निघालेल्या साधारण 700 जुन्या खिडक्या-दारांच्या चौकटी जोडून केलेल्या भिंती, आणि प्रश्नचिन्हाच्या टिंबाच्या जागी चार खोल्यांचं हॉटेल व्हाय, जिथे पाहुण्याला साबणाची वडी मिळत नाही, लागेल तेवढा तुकडा कापून देतात.

पण 2020 उजाडलं तेव्हा रिसायकल होणाऱ्या कचऱ्याचा आकडा होता 80 टक्क्यांच्या आसपास. जपानची सरासरी 20 च्या आसपास रेंगाळते हे बघता प्रचंड, पण ठरावातलं शून्य काही आलं नाही. मला हे अपयश नाही वाटत, मला वाटतं या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी भाग हाच. कारण उरलेला पाचवा हिस्सा कशाचा आहे ते बघा. चामड्याचे बूट, ज्यात चामडं, रबर, फोम, कापड आणि डिंक असं एकमेकांना चिकटवलंय की कोणी सोडवू शकत नाही. पीव्हीसी. रबर. एकदा वापरून टाकायचे हात गरम ठेवायचे पाउच. वापरलेले टिश्यू. सॅनिटरी पॅड. आणि डायपर. यातल्या एकाही गोष्टीवर आजीबाईंच्या धुण्याचा आणि सोलण्याचा काही उपयोग नाही. तिथे सेहेचाळिसावा डबा लावून काही होणार नाही, कारण ती वस्तू कारखान्यातून निघतानाच सुटी होणार नाही अशी बनलीये. इतकी वर्षं अख्खं गाव राबलं तेव्हा हे इतकं लख्ख दिसलं, नाहीतर बनवणारे म्हणतात लोकं नीट वेगळं करत नाहीत आणि लोकं म्हणतात महापालिका नीट नेत नाही, यातच दिवस जातात.

कामिकात्सुचा साचा उचलून मोठ्या शहरात ठेवता येईल का, तर नाही, मला नाही वाटत. दीड हजार माणसं, एकमेकांना ओळखणारी, घरात पंधरा दिवसांचा कचरा ठेवायला जागा असलेली, हे शहरातल्या दोन खोल्यांत कुठून आणायचं. शिवाय घराघरांत धुण्या-सोलण्यात जाणारे तास कोणाच्या हिशोबात धरलेत का, आणि ते तास घरात कोण देतं, हेही बघायला हवं. पण ओलं आधी बाहेर काढणं, प्रत्येक डब्यावर पैसे लिहिणं, पुन्हा वापरलेल्याचं वजन नोंदवणं, या तीन गोष्टींना ना डोंगर लागतो ना जपान.

डिसेंबर 2020 मध्ये गावाने नवा ठराव केला, आता मुदत 2030. लहान बाळ असलेल्या घरांना गाव कापडी लंगोट भेट देतं, धुऊन परत वापरता येतील असे. पण हे म्हाताऱ्यांचं गाव आहे, आणि इथे डायपर लागणाऱ्यांत बाळं थोडी आणि अंथरुणाला खिळलेली माणसं जास्त, त्यांच्या डायपरसाठी अजून तरी तोच डबा आहे, काहीही केलं तरी जाळावंच लागणारं.